माईक बॉक्समध्येच होता

इथे येणारे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर निम्म्यात सोडून देते. लोक खोटं लिहितात असं वाटतं म्हणून नाही... माझा धंदाच तसा आहे. मी प्रोग्रामर आहे. "मॅडम, ते आपोआप झालं" असं क्लायंट म्हणाला की मला मनातल्या मनात हसू येतं. कॉम्प्युटरमध्ये आपोआप काही होत नाही. कुठेतरी कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत डोकं शांत बसत नाही. घरातही अंगारे-धुपारे कधी नव्हते. बाबा वायरमन होते. कुणी सांगितलं की अमक्या घरातले दिवे रात्री आपले आपण लागतात, तर बाबा म्हणायचे, "आधी न्यूट्रलची वायर तपास." अशा घरातली मुलगी मी. तरी हे लिहायला बसले आहे, कारण ज्या गोष्टीचं कारण मला आजवर सापडलेलं नाही अशी ही एकच आहे.

आम्ही अमरावतीला राजापेठेत राहतो, मेन रोडच्या मागच्या गल्लीत. बाबांना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. पूर्ण म्हणजे साधा आवाजसुद्धा निघत नव्हता. डोळे उघडे असायचे, पण कुणाकडे बघतायत ते कळायचं नाही. त्यांना किती समजतं हे सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई मात्र रोज त्यांच्याशी बोलायची. भाजीवाला काय म्हणाला, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं. आम्हाला वाटायचं, आपल्या मनाच्या समाधानासाठी बोलते.

गेल्या वर्षी बाबांनी जेवणं सोडलं. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. बघता बघता कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट कधीकधी जगायची इच्छाच सोडतात, आता पोटात नळी टाकून अन्न द्यावं लागेल. आईला नळी नको होती. अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवून मग ठरवू असं ठरलं, आणि त्यांनी वेळ दिली ती नेमकी माझ्या कॉन्फरन्सच्या दिवसांतली.

ही कॉन्फरन्स अकोल्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात होती. माणूस जे बोलतो ते ऐकून स्क्रीनवर लिहिणारं एक सॉफ्टवेअर मी आणि माझा सहकारी शकील दीड वर्ष बनवत होतो. खास वऱ्हाडीसाठी. मोर्शी, चांदूर बाजारकडच्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करून त्याला शिकवलं होतं. पण ते काही नीट शिकेना. माणूस "मले" म्हणाला की ते शहाणपणानं "मला" लिहायचं. "काहून"चं, म्हणजे आपल्या "का"चं, तर दर वेळी "कानून" करायचं. शकील म्हणायचा, "याच्यात कोणी पुण्याचा मास्तर बसला आहे, तो आपलं चालूच देत नाही." आणि आणखी एक खोड होती – शांतता असली की ते स्वतःच्या मनाचे शब्द लिहायचं. कोणी काही बोलत नसताना "धन्यवाद धन्यवाद धन्यवाद" अशा ओळीच्या ओळी. या क्षेत्रातल्या लोकांना हे माहीत आहे, त्याचं कारणही माहीत आहे. हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला ते समजावायला येऊ नये.

तर शकीलच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. पुढे मी आणि शकील, मागे आई आणि बाबा. बडनेरा सोडलं, मूर्तिजापूर आलं, आणि सगळा रस्ता आम्ही त्या नळीबद्दलच बोलत होतो. टाकायची की नाही, टाकली तर घरी कोण बघणार. बाबा खिडकीला डोकं टेकवून होते. आई एकदा म्हणाली, "हळू बोला नं, ते ऐकून राहिले." आम्ही ऐकल्यासारखं केलं आणि तसंच बोलत राहिलो.

आम्ही उतरणार होतो त्या मामाचं घर कॉलेजच्या पलीकडे होतं, पण मामा संध्याकाळीच घरी येणार होता. म्हणून दुपारी सगळे आधी हॉलवर गेलो. उद्याच्या डेमोसाठी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून बघायचा होता, अर्ध्या तासाचं काम. हॉल रिकामा होता. जो साउंडवाला होता तो आम्हाला वायर देऊन जेवायला गेला. बाबांची व्हीलचेअर आम्ही पहिल्या रांगेसमोर लावली, शेजारी आई बसली.

कॉन्फरन्सला जाणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामरला विचारा, ते अर्ध्या तासाचं काम कधीच अर्ध्या तासाचं नसतं. हैदराबादला माझा ॲडाप्टर चालला नव्हता, नागपूरला प्रोजेक्टर सगळं जांभळं दाखवत होता. इथे आधी पडद्यावर काहीच येईना. मग आलं ते अर्धंच. मग वायफायचा पासवर्ड चुकला. मग लॅपटॉपनं विचारलं, अपडेट आत्ता करू की नंतर? मी "नंतर" दाबलं. त्यानं परत विचारलं. माझ्या लॅपटॉपचा आतला माईक तर कित्येक महिन्यांपासून बंदच पडलेला, म्हणून बाहेरचा कॉलरचा माईक लावतो आम्ही. तो शकीलच्या बॅगेत, त्याच्या बॉक्समध्ये होता. मी म्हटलं, आधी पडदा नीट होऊ दे, मग माईक काढू.

शेवटी पडदा पूर्ण दिसला. मी आमचं सॉफ्टवेअर चालू केलं, फक्त अक्षरं केवढी दिसतात ते बघायला. पडद्यावर अपेक्षेप्रमाणे आलं – "धन्यवाद. धन्यवाद."

"घे," शकील म्हणाला. "आला मास्तर."

मी अक्षरं मोठी करत होते. खाली बघून. तेवढ्यात आई वाचायला लागली. आई अक्षर अक्षर लावून वाचते, मोठ्यानं.

"दाढ... ठणकून... राहिली."

मी वर बघितलं. पडद्यावर तेच होतं. दाढ ठणकून राहिली. खालची. डावीकडची.

मला वाटलं, एखादं जुनं रेकॉर्डिंग चालू झालं. शकीलकडे बघितलं तर तो बॅगेपाशी उभा, माईकचा बॉक्स हातात, त्याचं झाकणही न उघडलेलं. लॅपटॉपवर आवाजाची पातळी दाखवणारी एक रेघ असते. माईक लावलेला असला की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ती हलते. ती रेघ सपाट होती. आवाज आतच येत नव्हता. आणि खाली नवी ओळ येत होती, एक एक शब्द, माणूस सावकाश बोलतो तशी.

"घास गेला का जीव जाते माहा. भूक लागते वं सुनंदा. भूक हाये मले."

सुनंदा माझ्या आईचं नाव. आमच्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये हे नाव नाही. नंतर मी सगळी तपासली. आणि "मले" लिहिलं होतं. "माहा" लिहिलं होतं. दीड वर्षात एकदाही ज्याला जमलं नाही, ते सॉफ्टवेअर माझ्यासमोर माझ्या बाबांची बोली एकही चूक न करता लिहीत होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. आईकडे बघत होते. ओठ बंद. गळासुद्धा हलत नव्हता. पण त्यांचे डोळे... दोन वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं की ते कोणाकडे बघतायत.

शकील तिथेच खुर्चीवर बसला. आणि आई... आईला काहीच विशेष वाटलं नाही. मला आजही त्याचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं. तिनं पदरानं बाबांच्या तोंडाचा कोपरा पुसला आणि नेहमी बोलते तसं विचारलं, "मंग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

पडद्यावर आलं – "कसं सांगू?"

आईनं त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "नळी लावाची म्हनतात तुमाले."

"आयकलं म्या गाडीत. नळी नको लावू देऊ. दाढ दाखव."

"दाखवतो," आई म्हणाली. "आजच दाखवतो."

मी केव्हा रडायला लागले ते मला कळलं नाही. हुंदका आला असेल, कारण बाबांची नजर माझ्याकडे वळली. आणि ओळ आली – "वैशू, रडू नको वं. काम कर तुह्यं."

वैशू मला फक्त बाबा म्हणतात. मी काहीतरी विचारणार होते, काय ते आता आठवतही नाही, तेवढ्यात पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. मी "नंतर" दाबलं होतं, तरी.

लॅपटॉप परत सुरू झाला तेव्हा त्यात काही नव्हतं. सॉफ्टवेअर ऐकलेलं सगळं एका फाईलमध्ये जपून ठेवतं. त्या दुपारच्या फाईलमध्ये "धन्यवाद" दोनदा आहे, पुढे काही नाही. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. आम्ही माईक लावला, काढला, बाबांच्या समोर धरला, किती वेळ कोण जाणे. काही आलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, खूप दमल्यासारखे.

"वैशाली," शकील हळूच म्हणाला, "मी कुणाला सांगू की नको?"

"तू काय बघितलं?" मी विचारलं.

"जे तू बघितलं, तेच. पण अम्मीले सांगतो मी. तिले सांगितल्याशिवाय राहवणार नाही."

आई तोवर उभी राहिली होती. "ते मशीन राहू द्या," ती म्हणाली, "दाताचा डॉक्टर पाहा आधी."

मामाच्या घराजवळच एक दातांच्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. पेशंटला बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग दाढ दुखते हे कसं कळलं?" आई म्हणाली, "त्यायनंच सांगितलं." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खाली. त्यांनी तोंड उघडायला लावून आरसा फिरवला. वरून काहीच दिसत नव्हतं, त्या दाढेवर जुनी कॅप होती. डावीकडे, खाली. त्यांनी तिच्यावर हलकंच ठोकलं आणि बाबांचं अर्धं शरीर खुर्चीतून उचललं गेलं. एक्स-रेमध्ये मुळापाशी पू झालेला दिसला. बाई म्हणाल्या, "एवढं दुखत असताना हे जेवत तरी कसे होते?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नळीचं थांबवलं. माझा डेमोही झाला. सॉफ्टवेअरनं शंभर माणसांसमोर "काहून"चं "कानून" केलं, लोक हसले, मीही हसले. दाढ काढल्यानंतर चार-सहा दिवसांत बाबांनी भाकरीचा काला खाल्ला, वाटीभर, आणि आईनं ती रिकामी वाटी गल्लीतल्या दोन बायांना नेऊन दाखवली.

त्यांना समजतं हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. अमरावतीत एक स्पीच थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी डाव्या हाताच्या बोटावर मेहनत घेतली. आधी हो-नाही, मग काही महिन्यांनी अक्षरांचा तक्ता. बाबा एक एक अक्षर दाखवतात, आम्ही जोडत जातो. वेळ लागतो, पण मी आजकाल घाई करत नाही.

कारण शोधायचं मात्र मी सोडलं नव्हतं. कोडच्या ओळी न् ओळी पाहून झाल्या. ओळखीच्या लोकांना विचारलं. शांततेतूनही असं सॉफ्टवेअर शब्द बनवतं, हे सगळ्यांनी सांगितलं. बनवतं, मान्य. पण कॅपखालची दाढ त्याला कोणी सांगितली? शेवटी एका रविवारी सकाळी मी तक्ता घेऊन बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, अकोल्याच्या हॉलमध्ये काय झालं होतं?"

त्यांचं बोट तक्त्यावर फिरायला लागलं. मी अक्षरं जोडत होते, आई मागे उभी राहून वाचत होती.

"माहा आवाज आलता."

मला समजलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"मोठ्यानं बोललो म्या. तेवढाच येळ. मले ऐकू आला."

म्हणजे त्यांच्या दृष्टीनं त्या दुपारी ते बोलले होते. दोन वर्षांनी त्यांची वाचा परत आली होती, त्यांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती, आणि मग ती पुन्हा गेली होती. पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. तिथे काही लिहून येत होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि त्या हॉलमध्ये मी होते, शकील होता, आई होती – ओठ हलले नव्हते, आवाज झाला नव्हता, ती रेघ सपाट होती.

हे त्यांना कसं सांगायचं, मला कळेना. बाबांचं बोट पुन्हा तक्त्यावर आलं. सावकाश, एकेक अक्षर.

"तुमी ऐकला नं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हो. ऐकला नं. चांगला मोठा होता."