पाठीखाली पाणी

आमच्या घरात पाणी ही आडवं पडायची जागा कधीच नव्हती. पाणी म्हणजे भरून ठेवायची गोष्ट. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, आणि ते येणार असलं की मी शाळेत चौथीच्या वर्गावर उभी असले तरी अर्धी घरातच असते. टाकी, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवते. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "आई, पाण्यावर फळी टाकायची आणि फळीवर योगासनं करायची, रात्री," तेव्हा ती माझी चेष्टा करतेय असंच मला वाटलं.

"कुठल्या पाण्यावर?"

"काकांच्या शेततळ्यात."

माझ्या दिरांची पाचोडला मोसंबीची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला त्यांनी तळं खोदलंय. चारी बाजूंनी मातीचा उंच बांध, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. पावसाळ्यात ते भरून घ्यायचं आणि त्यावर उन्हाळ्यात मोसंबी जगवायची. म्हणजे तेही भरून ठेवलेलं पाणीच, फक्त पिंप मोठं.

पण ती चेष्टा करत नव्हती. लेक पुण्यात कंपनीत नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी ती पोहायला शिकली, मग ही फळी शिकली, मग फळीवर उभं राहून दुसऱ्यांना शिकवायलाही शिकली. हे सगळं मला कळलं ते दिवाळीच्या आधी, एकाच संध्याकाळी. दोन वर्षं मी रोज फोनवर जेवलीस का, भाजी काय केलीस, असं विचारत होते आणि पोरगी तिकडे पोहत होती. आणि आता अंदमानात, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ठिकाणी तिला हेच शिकवायला बोलावलं होतं. पूर्वी लोकांना शिक्षा म्हणून काळ्या पाण्यावर धाडायचे. ही चांगला पगार सोडून स्वखुशीनं निघाली होती.

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर मी नाही जाणार. खरंच नाही जाणार. त्यांना सोमवारी कळवायचंय. फक्त त्याआधी एकदा पाण्यावर ये, मग काय ते बोल."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. पण तिनं सगळंच माझ्या हातात आणून ठेवलं, आणि ते मला फार जड गेलं. माझ्या एका 'नाही'नं पोरीचं जाणं थांबणार होतं, आणि 'नाही' माझ्या जिभेवर तयारच होतं.

तिला पाण्यापासून तोडली ती मीच. नऊ वर्षांची होती. माझ्या माहेरच्या विहिरीत तिचे मामेभाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकत होते. हिनं कुठून तरी एक भोपळा मिळवला, माझ्याच जुन्या ओढणीनं पाठीला आवळला आणि शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मी वरून पाहिलं आणि धावत खाली गेले. दंडाला धरून ओढत वर आणली आणि सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. त्याच पायऱ्यांवर मी माझ्या भावांचे टॉवेल धरून उभी राहायचे. पोरींनी विहिरीत उतरायचं नसतं, आसरा धरतात, असं मला सांगितलं होतं आणि मीही तिला तेच सांगितलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडे प्रत्येक विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात गोटे असतात.

रात्रीची वेळ मात्र माझ्या सोयीची होती. दिवसा बागेत माणसं असतात. मी पॅन्ट घालून तळ्यात आडवी पडलेली दिसले असते, तर बाजाराच्या दिवशी भाजीच्या आधी माझाच विषय निघाला असता. लेक म्हणाली, रात्री वारा पडतो, पाणी शांत असतं. आम्ही दोघींनी आपापल्या कारणासाठी रात्र ठरवली.

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. चिकलठाण्याच्या आमच्या घरून निघालो तेव्हा उजेड होता, पाचोडला पोचेस्तोवर अंधार पडला. गाडी नवरा चालवत होता. त्यानं वाटेत एकदाच तोंड उघडलं, चहा घ्यायचा का विचारायला. दीर बांधावर बॅटरी घेऊन उभेच होते.

"वहिनी, तळं लई खोल हाय बरं," ते म्हणाले. "दोन पुरुष पाणी हाय. प्लास्टिकवर पाय टिकत नाय. आत गेलेलं माणूस पोहणारं असलं तरी वर येत नाय, म्हणून म्या चहूबाजूंनी दोर सोडलेत. गाठी हायत त्यांना."

"काका, तिला कशाला घाबरवता?" लेक म्हणाली.

"घाबरवत नाय. सांगून ठेवलेलं बरं असतं."

फळ्या लाकडाच्या नव्हत्या, हवा भरून कडक होणाऱ्या रबरी होत्या; लेक पायपंपानं दुसरी फुगवत बसली. पहिली तयार होऊन बांधावर पडली होती. मी पिशवीतून माझं सामान काढलं. आपल्याकडे नवी गाडी असो, नवी मोटर असो, हळदकुंकवाशिवाय चालू करत नाहीत. इथं तर पाण्यावर जायचं होतं, तेही दिवेलागणीनंतर, तेही तरण्या पोरीला घेऊन. मी शेंदूर आणला होता, तेलात कालवलेला. पण तळ्याच्या काठाला एकही गोटा नव्हता. जिकडे हात लावावा तिकडे प्लास्टिक.

मी हळूच दिरांना विचारलं, "भाऊजी, असल्या तळ्यात आसरा असतात का हो?"

"व्हय, असणार की," ते म्हणाले. "पाणी तिथं आसरा. त्यांना काय प्लास्टिकचं?"

मग मी त्या फुगवलेल्या फळीवरच, पुढच्या बाजूला, शेंदराची सात बोटं उठवली. खाली दही-भात ठेवला, दिवा लावला, हात जोडले. आसरांना मनात म्हणाले, पोरगी माझी आहे, तिच्याकडे बघू नका. दिवा विझल्यावर त्यात थोडं तेल उरलं होतं. ते वाया कशाला घालवायचं म्हणून तेही त्या सात बोटांवर ओतलं.

दोघींनी जीवरक्षक जाकिटं घातली. लेकीनं मला त्याच शेंदराच्या फळीवर गुडघ्यांवर बसवलं आणि एका हातानं फळी धरून आत ढकललं. मग वल्हं घेऊन ती स्वतः दुसऱ्या फळीवर आली. सकाळी गच्चीवर मी टीव्ही लावून आसनं करते, वृक्षासनात कॉलनीतल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त वेळ उभी राहते. इथं मला नुसतं बसता येईना. मी उजवीकडे बघितलं तरी फळी उजवीकडे कलायची. दोन्ही कडा मुठीत घट्ट धरून मी तोंडानं पुटपुटत होते, आणि बांधावरून नवऱ्याच्या बॅटरीचा झोत बरोब्बर माझ्या डोळ्यांवर येत होता.

"बाबा, बॅटरी बंद करा," लेक म्हणाली.

त्यानं केली. एकदम सगळं नाहीसं झालं. बांध, बाग, दीर, नवरा, कुणीच दिसेना. खाली काळं पाणी, वर काळं आभाळ आणि मधे आम्ही दोघी. लेकीच्या फळीच्या पोटाशी तिनं निळ्या दिव्यांची माळ लावली होती. तिचा उजेड पाण्यात हातभर खाली जायचा आणि तिथंच विरायचा. त्या उजेडात बारीक बारीक किडे वर-खाली जात होते.

"आई, आता आडवी हो. हळू. पाठ टेक आणि हात बाजूला सोड, बोटं पाण्यात जाऊ देत."

मी आडवी झाले. मला वाटलं होतं पाणी गार असेल, पण ते दिवसभराचं ऊन धरून कोमट होतं, अंघोळीला काढून ठेवलेल्या पाण्यासारखं. बोटं बुडाली. पाठीखाली काहीतरी सावकाश वर आलं आणि तसंच सावकाश खाली गेलं. मी श्वास घेतला की फळी उचलली जायची, सोडला की बसायची. आधी मला वाटलं तळंच हलतंय. मग कळलं, हलणारी मीच आहे.

मग पूर्वेच्या बांधावर उजेड आला. चंद्र उगवला तो तांबडा, मोठा आणि एका बाजूनं जरासा झिजलेला. तो चढत गेला तसं पाणी उजळत गेलं. बागेकडून मोसंबीचा वास येत होता. मी किती वेळ तशी पडून होते ते मला सांगता येणार नाही. माझा घड्याळावरचा विश्वास मोठा आहे. शाळेची घंटा एक मिनिट चुकली तरी मी शिपायाला बोलते. पण त्या वेळी मला तास कुठला ते कळत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. फळी आपोआप फिरत होती. डोळे उघडले की चंद्र कधी पायाशी असायचा, कधी कानाशी. एकदा वाटलं मी माहेरच्या अंगणात बाजेवर झोपलेय आणि भाऊ नुकतेच पोहून आलेत, त्यांच्या केसांना ओल्या विहिरीचा वास आहे. एकदा वाटलं मीच पोहून आलेय.

लेक मधूनच काहीतरी बोलायची. हनुवटी सैल सोड. कपाळ सोड. जीभ सोड. तिचा आवाज पाण्यावरून यायचा आणि तो मला ओळखीचा वाटत नव्हता. घरी ती माझ्याशी भराभर बोलते, वाक्य पुरं व्हायच्या आत मी तोडेन म्हणून. इथं तिला घाई नव्हती. इतकं सावकाश बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं, याचं मला त्या कोमट पाण्यावर पडल्या पडल्या फार वाईट वाटलं.

सुख जास्त झालं की मला चेव येतो. मला वाटलं, आता जमलं आपल्याला. मी उठून बसले.

"सावकाश, आई," लेक म्हणाली.

"मला येतं," मी म्हणाले. दोन्ही हात पुढे टेकून कंबर वर उचलायची, गच्चीवर रोज करते तसं. मी हात पुढे टेकले ते नेमके सात बोटांवर. तेलानं दोन्ही तळवे एकदम सटकले. मी आधी हनुवटीवर आपटले आणि मग सरळ पाण्यात.

नाकातोंडात पाणी गेलं. जाकिटानं वर आणलं तेव्हा मी हातपाय झाडत होते आणि ओरडत होते, काय ते आठवत नाही. बांधावरून नवरा माझ्याहून मोठ्यानं ओरडत होता. दीर दोर घेऊन धावत असल्याचा आवाज येत होता. आणि लेक तिच्या फळीवर गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघत होती. तिनं उडी मारली नाही. तिनं वल्हं पुढं केलं.

"आई, वल्हं धर. मला नको, वल्हं. हां. आता पाय हलव. जाकीट आहे, तू बुडत नाहीस. वल्हं सोडू नको."

शिकवणीला आलेल्या एखाद्या परक्या बाईशी बोलावं तशी ती बोलत होती. मी वल्हं धरलं. तिनं मला ओढून फळीशी आणलं आणि माझे दोन्ही हात फळीच्या कडेवर ठेवले. मग बांधाकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, काका, ठीक आहे ती. कुणी आत उतरू नका."

मला श्वास यायला वेळ लागला. तो आल्याबरोबर मी तोंड सोडलं.

"पोटची पोर तू! आई पाण्यात पडली आणि तू बघत बसलीस? तुझ्या जागी मी असते तर आधी उडी मारली असती, मला पोहता येत नाही तरी!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी उडी मारली असती ना, तर तू माझ्या गळ्यात पडली असतीस. घाबरलेलं माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतं, आई. अशी मारतं की कुणालाच हात हलवता येत नाही. मग दोघी जातात. आम्हाला पहिलं हेच शिकवतात. आपलं माणूस असलं तरी आधी लांबून वल्हं द्यायचं."

हनुवटी ठणकत होती. पाय खाली मोकळे लोंबत होते आणि त्यांच्याखाली दोन पुरुष पाणी होतं. भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती लाज, आणि लाजेच्या खाली कुठेतरी अभिमान. ही पोर आयुष्यात कुणाकुणाला वाचवेल, माझ्या हातून सुटली तर.

"वर ये आता," ती म्हणाली. "गार पडशील."

"थांब जरा," मी म्हणाले. "त्या अंदमानवाल्यांना सोमवारी कशाला? उद्याच कळव, येते म्हणून."

तिनं वल्हं आडवं ठेवलं. मग तोंडावर हात घेतले आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. बांधावरून नवरा विचारत होता, काय झालं, कुणाला लागलं का. तिला ओढून पोटाशी धरावं असं माझ्या अंगभर दाटून आलं. पण मी दोन्ही हातांनी फळीची कड धरून पाण्यातच थांबले, तिचं रडून होईपर्यंत.