माझाच हात

मास्तरांनी फळ्यावर ‘हॉस्पिटेबल’ लिहिलं, खडूने त्याचे तुकडे पाडले आणि अर्थ सांगितला: पाहुण्याचं प्रेमाने स्वागत करणारा. मग दाराबाहेर पडवीत गोणपाटावर बसलेल्या मला उठवलं.

मी दुसऱ्याच तुकड्यावर अडखळलो.

रत्नागिरीच्या त्या इंग्रजी शाळेत महारवाड्यातून आलेला मी एकटा. मास्तरांना लांबलचक विशेषणांचं वेड. शब्द तोडून म्हणायचा. चुकला तर जितके तुकडे तितक्या पट्ट्या तळहातावर. पण माझ्या हाताला लागली तर पट्टी बाटणार. त्यावर मास्तरांनी तोड काढली होती.

"तुझं तूच मार."

मी स्वतःच्या थोबाडीत मारायचो. वर्ग एका सुरात म्हणायचा, हॉस, पि, टे, बल. हळू मारलेली धरत नसत. मारणारा मी, खाणारा मी. मास्तरांचे हात स्वच्छ.

शाळा सुटली की बाकीची मुलं तळहात पुढे करून कुणाचा जास्त लाल ते बघत, एकमेकांच्या हातावर फुंकर घालत. मार खाण्यातही त्यांना सोबत होती. माझा गाल बघायला कुणी येत नसे.

एका रविवारी घरामागे जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर बसून पाठ म्हणत होतो. शब्द चुकला. फाडकन गालावर बसली.

भात कांडणारी आये थांबली. "कुनाला मारतोस रं?"

मी आजूबाजूला पाहिलं. मास्तर नव्हते. वर्ग नव्हता. हात आपण होऊन उठला होता. मला न शिवता मास्तरांनी माझा हात घेतला होता. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो.

सोमवारी ‘अनरीझनेबल’ आला. चुकलो. हात पाठीमागे घेऊन उभा राहिलो.

"मार."

"नाही मारणार."

"मग वर्गात जागा नाही."

वर्गात ती कधीच नव्हती, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

"तुम्ही मारा, मास्तर. सगळ्यांना मारता तशी पट्टी मारा."

मास्तरांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मुलांनी पुस्तकात माना घातल्या.

"पुढचा," मास्तर म्हणाले.

त्यांना मला शाळेतून हाकलता येत नव्हतं, आमच्या मुलांना घ्यायचा सरकारचा हुकूम होता. त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. वर्षभर पडवीत एकटाच शब्द तोडत बसलो. चूक की बरोबर, सांगायला कुणी नाही.

चालेल. मी शिकणार, आणि चुकणारही. ज्याला मला शिक्षा करायची आहे त्याने जवळ यावं, मला शिवावं. माझ्या हाताने ते काम होणार नाही.