आंब्याच्या चिकाचे डाग
पाडव्याला सावेडीतल्या फ्लॅटच्या दाराला तोरण बांधताना आंब्याच्या चिकाचा वास आला आणि माझे हात थांबले. मिरजगावला माझं लग्न झालं तेव्हा मला फिकट गुलाबी पडदे आणि पांढरी फुलं हवी होती, मोबाईलवर पाहिलेल्या वसंतातल्या लग्नासारखी. लग्नाच्या दिवशी सकाळी अण्णा, माझे वडील, मांडवडहाळे घेऊन आले. मांडवावर घालायच्या रीतीच्या आंब्या-जांभळाच्या फांद्यांनी ट्रॉली भरली होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, ह्यानं सगळा लुक जाईल. मागं टाका ते." "बरं बाई, तुझ्या मनासारखं हुंदे," म्हणत त्यांनी एकट्यानं त्या फांद्या आचाऱ्याच्या चुलीमागं ओढत नेल्या. दुपारपर्यंत पानं सुकली. कन्यादानाच्या फोटोत माझ्या हातांवर धरलेले त्यांचे हात चिकानं काळे पडलेले दिसत होते. फोटोग्राफरनं विचारलं, "ताई, डाग काढून टाकू का?" मी हो म्हणाले. अण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली. तोरण अर्धंच सोडून मी अल्बम काढला. माझ्या हातांवर ते स्वच्छ, गुळगुळीत हात अजून तसेच आहेत; कुणाचे आहेत, मला ओळखू येत नाहीत.