शेवटच्या पंगतीचा गहू

नाशिकहून निघाले तेव्हा दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नव्हते. गाडीत जागा चांगली मिळाली होती, पण झोप लागली नाही. मी शेवया करून विकते. आईच्या हाताखाली शिकले, पण आईसारखी शेवई मला गेली कित्येक वर्षं जमलेली नाही. हल्लीच्या गव्हाचा रवा भिजतो, मळतो, पण ताण धरत नाही. काठीवर वाळत घातलेली शेवई वाळता वाळता तुटून खाली पडते. आई बन्सी गहू वापरायची. लांबट, कठीण, उजेडात धरला तर मधासारखा दिसणारा. आमच्याकडे तो केव्हाच संपला. बियाण्यासाठी मी कुठे कुठे विचारलं त्याला सुमार नाही. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, ‘आता कोण पेरतं?’

मग एका गिऱ्हाईक बाईने तिच्या माहेरच्या गावातल्या महादेवरावांचा फोन नंबर दिला. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या पुढे त्यांचं गाव. उन्हाळ्यात फोनवर बोलणं झालं. म्हातारा आवाज, पण खणखणीत. “दिवाळी झाली का येजा बाई. पेराच्या आधी देतो. मंग मीबी पेरतो, तुमीबी पेरा.” दिवाळीनंतर मी फोन करत राहिले तर कुणी उचलेना. म्हाताऱ्या माणसाचा फोन, चार्ज करायचा राहून गेला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि निघाले.

वर्ध्याला उतरून एसटीने कळंबला आले. वाटेत दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. त्यांच्या पलीकडे तुरीला पिवळा फुलोरा, सोयाबीन निघून गेलेली काळीभोर रानं. गहू मात्र कुठे दिसेना. हंगामच पेरणीचा होता, दिसणार कसा? तरी डोळे शोधत होते.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्यावं म्हणून देवळात गेले. तिथे गणपती जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गारवा होता आणि ओल्या दगडाचा वास. मी जरा जास्त वेळ बसले आणि राळेगावची बस गेली. स्टँडवर आलूबोंडा (बटाटेवडा) आणि त्यावर ओतलेला झणझणीत रस्सा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मग एक काळीपिवळी जीप मिळाली. माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक म्हातारी होती.

“कुठं चाल्ल्या बाई?”

सांगितलं, बन्सी गव्हाचं बियाणं आणायला.

ती हसली. “गव्हासाठी इकडं आल्या? आमच्या लहानपनी घरात जवारीच होती. गहू म्हंजे पाव्हन्याचा. पोळ्याच्या सनाले पुरनपोळी, नाई तं कोनी आजारी पडलं तं त्याच्यासाठी एखादी पोळी. आता राशनचा गहू येते, रोज पोळ्या. जवारी पेरली तं डुकरं ठेवत नाईत.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रोज मिळून राह्यली मनून पोळीची चवच गेली, बाई.”

हा गहू मुळात आपल्याकडचा नाही. पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात ते एक रानगवत होतं. पिकलं की त्याच्या ओंब्या आपोआप विस्कटायच्या आणि दाणे वाऱ्यावर जायचे. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी न विस्कटणाऱ्या ओंब्या वेचल्या, त्यांचेच दाणे पुन्हा पेरले. तेव्हापासून गव्हाला स्वतःहून पसरणं जमत नाही, माणसाचा हात लागतो. असा हातोहात तो सिंधूच्या काठी आला, तिथून दख्खनेत उतरला. इथल्या फार जुन्या वस्त्यांच्या राखेतही त्याचे जळके दाणे सापडतात. अर्धं जग आज त्याच्यावर जेवतं. गाडीत बसून हे आठवताना मला एकच वाटत होतं. या सगळ्या काळात दुष्काळ आले असतील, पोरं रडली असतील, आणि तरी दर वर्षी कुठल्या तरी घरात कुणीतरी थोडे दाणे न खाता ठेवले असतील. तसं घडलं नसतं तर महादेवरावांपर्यंत ते पोचलेच नसते.

राळेगावहून ऑटो करून गावात शिरले तेव्हा दुपार कलली होती. महादेवरावांचं घर विचारलं, तर एका पोराने बोट दाखवलं. दारापुढे मांडव होता. खुर्चीवर म्हाताऱ्याचा फोटो, त्याला हार. महादेवरावांची तेरवी (तेरावा) होती.

मी मांडवाच्या कडेला उभी राहिले. पन्नाशीकडे झुकलेला, डोक्याचं मुंडण केलेला एक माणूस पुढे आला. तो त्यांचा मुलगा, दिलीप. मी नाशिकहून आले म्हटल्यावर त्याला काही उलगडा झाला नाही, पण इतक्या लांबून बाबांसाठी कुणी आलं यानेच त्याचे डोळे भरले.

“आधी जेवा, ताई. बाबाच्या तेरवीतून कोनी उपाशी नाई गेलं पायजे.”

शेवटची पंगत होती. पत्रावळीवर वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि दोन पोळ्या पडल्या. पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबले. पोळी लालसर होती, जराशी जाड, चावताना दातांना उत्तर देणारी. चावता चावता गोड होत गेली. हा बन्सी होता. आईच्या चुलीपुढे बसून खाल्लेली चव मला कुणी सांगायला नको. म्हातारा गेला, पण गहू आहे, असं मनात आलं. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

जेवण झाल्यावर दिलीपरावांना म्हटलं, “तुमच्या वडिलांनी मला बियाणं देतो म्हटलं होतं. याच गव्हाचं.”

वाढणारी बाई, त्यांची बायको शोभा, हातातली परात घेऊन जागीच थांबली.

“बियानं?” दिलीपराव म्हणाले. “हे बाबाच्या मडक्यातलं होतं. लोकं जास्त आले, कनिक सरली. पंगत बसलेली. मंग मीच मडकं फोडलं अन् चक्कीवरून दळून आनलं.”

“सगळं?”

“सगळं, जी.”

शोभा हळूच म्हणाली, “लाटल्या मीच. मामाजी (सासरे) राखेत घालून, तोंड लिपून ठेवत. मले वाटलं, आता पेरनार कोन? आमी हरभरा पेरतो. त्याईचा तो एक पट्टा, ओलितबी नाई. धुईवर (दवावर) पिकवत. रात-रात डुकरं राखत.”

“मले सांगतलं काहून नाई बाबानं?” दिलीपराव एकदम मोठ्याने बोलले. पंगतीतली माणसं वळून बघू लागली. “शेजाऱ्याची कनिक आनली असती मी! उधार आनली असती! कोन नाई म्हनलं असतं?” आणि मग फोटोपुढे जाऊन बसले. मांडव उतरवणारे आले तरी उठले नाहीत.

मी त्या घरातून लगेच निघायला हवं होतं. पण बस नव्हती, आणि शोभाने माझी पिशवी उचलून आत नेली. माझ्या पोटात त्या गव्हाच्या तीन पोळ्या होत्या. बाहेर ओट्यावर बसले तर आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. रडू येईल असं वाटलं, पण मयताच्या घरी परक्या बाईने गव्हासाठी रडायचं म्हणजे लाजच.

सकाळी दिलीपरावच म्हणाले, “चाला, ताई. बाबानं एका सोयऱ्याले देल्ला होता थोडा. त्याच्याकडं असन.” मोटारसायकलवर मागे बसून गेले. वाटेत दोनदा गाडी चिखलात रुतली, एकदा मी घसरून पडले, कोपर सोलवटलं. सोयरा अंगणात कापूस पसरत होता. सगळं ऐकून घेतलं, मग मान हलवली.

“लय वर्स झाले सोडून. दोन साल पेरला. रोह्यांनी (नीलगायींनी) एक दाना ठेवला नाई. उरला तो खाल्ला.” तो पुन्हा कापूस पसरू लागला. “दरसाल भेटला का महादेव इचारे, पेरला का रे? मी हो मनो. कायले म्हाताऱ्याचं मन मोडा?”

परत येताना दिलीपराव महादेवरावांच्या पट्ट्यापाशी थांबले. रान वखरून तयार होतं. शेवटच्या दिवसांत म्हाताऱ्यानेच वखरून घेतलं होतं, असं म्हणाले. जुन्या गव्हाचं एखादं ताट धुऱ्यावर (बांधावर) उगवलं असेल म्हणून आम्ही दोघं वाकून शोधत फिरलो. काँग्रेस गवत होतं, तरोटा होता. गहू नव्हता. त्या तयार काळ्या रानाकडे बघताना मला कळलं की मी बियाणं न्यायला आले होते, पण इथे पेरायलाही काही उरलेलं नाही.

घरी शोभा उकिरड्यावर बसली होती. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या तिने वेचून आणल्या होत्या आणि बुडाशी चिकटलेली राख नखांनी खरवडत होती. तिच्या ओंजळीत थोडे दाणे होते. बरेच किडलेले, भोकं पडलेले. काही मात्र बरे वाटत होते. तिने ते रुमालाच्या कोपऱ्यात बांधून माझ्या हातात दिले.

“इथंच पेरा ना,” मी म्हटलं. “तुमच्या पट्ट्यात.”

“नाई, ताई,” दिलीपराव म्हणाले. “इथं डुक्कर खाईन. तुमच्याकडं पानी हाय, भिताडाच्या आड जागा हाय. तुमी न्या.” काल दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैलावला होता. राळेगावच्या स्टँडवर सोडायला आले तेव्हा कंडक्टरलाही त्यांनी सांगितलं, “बाबाचा गहू चाल्ला नाशकाले.”

घरी आल्यावर चांगली माती चाळून कुंड्या भरल्या. दाणे रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून मग पेरले. रोज सकाळी उठून आधी तिकडे बघायचे. माती तशीच. शेवटी एक दिवस बोटाने उकरून पाहिलं, तर दाण्यांची नुसती टरफलं हाताला लागली, आत पीठ होऊन गेलेलं.

शोभाचा फोन आला. “निंगालं काय, ताई?”

“नाही. एकही नाही.”

तिच्याकडे चुलीवर काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, “याईले (ह्यांना) नका सांगू. गावभर सांगून राह्यले, बाबाचा गहू नाशकाले हिरवा झाला मनून. जेवले नव्हते धड, आता जेवतात.”

मी बरं म्हटलं. बाजारच्या गव्हाच्या शेवया पुन्हा करायला घेतल्या. त्या तुटतात, गोळा करून तुकडे म्हणून स्वस्तात विकते. लोक तेही नेतात, खिरीत कळत नाही म्हणतात. जगात गव्हाची काही टंचाई नाही. गोण्यांवर गोण्या उतरतात आमच्या बाजारात. महादेवरावांचा एक वाण नाहीसा झाला म्हणून एकही माणूस उपाशी राहणार नाही, कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तरी काय गेलं, हेच मला कुणाला नीट सांगता येत नाही.

होळीच्या सुमाराला दिलीपरावांचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

“ताई, इकडं सारे इचारून राह्यले. ओंब्या आल्या काय?”

मी खिडकीतून रिकाम्या कुंड्यांकडे पाहिलं.

“आल्या,” मी म्हटलं.

“कुसळं काळी पडली काय? बाबाच्या गव्हाची काळी पडत.”

“पडली.”

पलीकडे ते हसले, कुणाला तरी ओरडून ते सांगितलंही. मग जरा संकोचून म्हणाले, “सारा दळू नका, ताई. थोडासा मले ठेवजा, बियाले.”

“ठेवते,” मी म्हटलं.