फाटकापाशी स्थिर दिवा

माझ्या जुन्या मोटरसायकलची सहा व्होल्टची सगळी जोडणी काढून मिस्त्रींनी परवा बारा व्होल्टची बसवली. कॉइल नवी, बॅटरी नवी. "आता गाडी उभी असली तरी दिवा मंद होणार नाही," ते म्हणाले.

आज संध्याकाळी रेल्वे फाटकापाशी थांबलो. इंजिन संथ धकधकत होतं आणि फाटकावर उजेडाचा गोल अगदी स्वस्थ पडला होता. तरी माझं मनगट दर दोन-चार क्षणांनी आपसूक रेसची मूठ पिळत होतं. वीस वर्षं रेस केल्याशिवाय हा दिवा कधी टिकलाच नव्हता.

"आता कशाला रेस करताय?" मागे बसलेली बायको म्हणाली. "लागलाय की तो."

मला आमचे काका आठवले. ट्रंककॉलच्या काळात लागलेली ओरडून बोलायची सवय त्यांची मोबाइलवरही सुटलेली नाही. गैरसोय निघून जाते. तिच्याशी जुळवून घेतलेलं शरीर मात्र कामावरून काढलेल्या माणसासारखं रोज वेळेवर हजर होत राहतं.

मी मूठ सैल सोडली. उजेड जराही हलला नाही. इतकी वर्षं वाटायचं, तो आपल्यामुळे आहे. आणि ते खरंही होतं.