पाखरांची बारावी

आमच्या डोळखांबच्या शेताला लागूनच शेजारच्या पोरीचं शेत आहे. भात पिकायला लागलं की ती मचाणावर बसून दोन कामं एकदम करते, बारावीचा अभ्यास आणि पाखरांची राखण. तिचं पाठांतर म्हणजे आरोळीच असते. "पेशीविभाजन म्हंजेऽऽ" असं ती ओरडली की माझ्याही भातावरची पाखरं उडतात. त्यामुळे माझी राखण फुकटात होते.

तिची आई बांधावर गवत कापत असते. पाखरं भातावर उतरली की ती मान वर न करताच ओरडते, "गो, मोबाईल ठेव!"

यंदा पोरीने डोकं लढवलं. सगळे धडे स्वतःच्या आवाजात मोबाईलमध्ये भरले, मचाणाला स्पीकर टांगला आणि खाली सावलीत ताणून दिली. वर मलाच ऐकवलं, "काका, याला टाइम मॅनेजमेंट म्हंतात."

सुरुवातीला पाखरं घाबरली. आठवड्याभरात मात्र पेशीविभाजन जोरात चालू असताना ती स्पीकरवरच बसून चोची पुसायला लागली.

आईने विळा खाली ठेवला आणि लेकीला हलवून उठवलं.

"ऊठ गो. पाखरांचं पाठ झालं. तुझं कदी व्हनार?"