बाबांचं घड्याळ आणि माझी शिकवणी

आधी माफी मागतो. मेंदूबद्दल लिहायचा मला काहीच अधिकार नाही. मी मुलुंडच्या एका कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूची आकृती शेवटची काढली ती शाळेत, तीही मार्कांसाठी. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी एकटाच, त्यामुळे गॅसच्या नोंदणीपासून आजारपणापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. बाबांना विचारूनच हे लिहितोय.

बाबा भांडुपला दुसऱ्याच्या मालकीची रिक्षा चालवायचे. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. पंधरा दिवसांनी घरी आले तेव्हा हातपाय चालत होते, बोलणं तर आधीपेक्षा वाढलं होतं. शेजारी म्हणाले, देव पावला. आम्हालाही तसंच वाटलं, बांगड्याच्या दिवसापर्यंत.

आईने त्या दिवशी ताटात तळलेला बांगडा वाढला होता. बाबांनी भात खाल्ला आणि ते उठायला लागले. मालवणी माणूस ताटात बांगडा सोडून उठतो म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे कळायला स्कॅन लागत नाही.

"रागावलात काय?" आईने विचारलं.

"मगे? बांगडो कित्याक वाढूक नाय माका?"

"ह्यो काय समोर! डोळे फुटले काय?" तिने रागाने ताट गरकन फिरवलं. डावीकडचा बांगडा उजवीकडे आला.

बाबा लगेच खाली बसले. "आता आणलंस? आधी वाढूक काय झाला होता?"

त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि कागद अभिमानाने परत दिला. डॉक्टर मला म्हणाल्या, यांचे डोळे ठीक आहेत, पण मेंदू डावीकडचं जग मोजतच नाही. आणि काही मोजायचं राहिलंय हेही त्याला कळत नाही. हळूहळू सुधारेल. रिक्षाची घाई नको, महिन्याने पुन्हा चाचणी घेऊ.

मालकानेही सांगितलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी आण आणि चावी घेऊन जा. तोवर आई दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली होती. बाबा दिवसभर दारात बसून आपल्याला काहीच झालेलं नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला पटवत असत.

मला मात्र "चाचणी" या शब्दाने धीर आला. आजार मला कळत नाही, पण परीक्षा कळते. मी जिथवर पोचलो तो घोकूनच पोचलो. पेपर तर मी पाहिलेलाच होता. कोऱ्या गोलांच्या झेरॉक्स काढल्या आणि संध्याकाळी शिकवणी सुरू केली. नियम एकच: पेन उचलण्याआधी हनुवटी डाव्या खांद्याला लावायची. मग बारा, सहा, तीन, नऊ. मग उरलेले.

"लायसनाक पण इतको अभ्यास करूक नाय मी," बाबा कुरकुरायचे.

"बोलू नका. नऊ कुठेय?"

"तुझ्या मास्तरान तुका असाच छळल्यान काय रे?"

तिसऱ्या आठवड्यात घड्याळ इतकं सुबक यायला लागलं की माझा ऊर भरून आला. त्याच आठवड्यात गल्लीतून चालताना ते डावीकडच्या भाजीच्या गाडीवर आपटले. गाडीवाल्याची चूक, असं आमचं ठरलं.

चाचणीच्या सकाळी ते दाढी करून मोरीतून बाहेर आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट जसेच्या तसे.

"काय बघतंस? चकाचक ना?"

"चकाचक," मी म्हणालो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आई नवी साडी नेसून उभी होती. पोळ्यांच्या घरी तिने सुट्टी सांगितली होती, आणि पुढच्या महिन्यापासून येणार नाही असंही सांगून ठेवलं होतं. मी वस्तरा घेतला आणि बाबांच्या डाव्या गालाची दाढी स्वतः केली. डॉक्टरांसमोर नीटनेटकं गेलेलं बरं, असं मनाला सांगितलं. त्या दिवशी माझीही परीक्षा होती, म्हणून आई एकटीच त्यांच्याबरोबर गेली. निघताना मी त्यांच्या कानात म्हणालो, "हनुवटी."

परीक्षेला फोन वर्गाबाहेर बॅगेत ठेवावा लागतो. पेपर बरा गेला. फोन उघडला तर आईचा आवाजी निरोप आलेला, अर्ध्या तासापूर्वीचा.

"अरे, पास झाले! घड्याळ बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, सुंदर. चिठ्ठी दिल्यान. मालकान लगेच चावी दिल्यान. आता तुका आणूक निघालेत रिक्षा घेऊन. गेटवर उभो रव."

मी तिला फोन लावला. "आई, तू आहेस ना रिक्षात?"

"मी कित्याक? एकटेच गेले," ती हसत म्हणाली. "फोनपण घरीच रवलो त्यांचो."